दोनशे सतरासमोरचा शेरा

सकाळी माझ्या लेकीचे, थांगथांगचे, तळहात खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिले, मग तोंड उघडायला लावून टाळू पाहिली. पुटकुळी नव्हती. तिच्या पाळणाघरात एका मुलाला हातापायांवर फोड आले होते. दुसरं मूल सापडलं की वर्ग आठवडाभर बंद, असा इथे नियम आहे. मे महिन्यात तसा झालाही होता. तिला सोडून चुंगली शहरातल्या माझ्या विद्यापीठात पोचेपर्यंत मी तीनदा फोन पाहिला.

दुपारी तीनच्या आत मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज पाठवायचा होता, आणि तो सगळा एका ताऱ्यावर उभा होता. चार कोटी वर्षं वयाच्या एका खुल्या तारकागुच्छातले तीनशे तारे आम्ही तपासले होते. तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती धुळीची तबकडी असते. तिच्यातून ग्रह घडतात, आणि कोटीभर वर्षांत ती बहुधा विरून जाते. आमच्या तीनशेंत फक्त दोनशे सतरा नंबरची तबकडी टिकून होती; तिच्या धुळीची ऊब अवरक्त प्रकाशात दिसत होती. माझा धाकटा सहकारी रुओहान त्याच्यावरच प्रबंध लिहीत होता. "चार कोटी वर्षांचा घोडा झाला, तरी पाळणा सोडत नाही," असं तो म्हणाला, तेव्हा आमचे थोंग सरसुद्धा हसले होते.

अर्जातलं चित्र करायचं काम माझ्याकडे होतं. साध्या प्रकाशातलं आणि सर्वांत लांब अवरक्त लहरींचं, अशी दोन चित्रं एकावर एक ठेवून मी भराभर आलटूनपालटून पाहिली. ठिपका हलला. अगदी थोडा, ईशान्येला.

अख्खं चित्रच सरकलं असेल, अशी आशा धरून मी शेजारचे वीस तारे तपासले. एकही हलेना. म्हणजे ती ऊब ताऱ्याची नव्हतीच. मागे लांबवर एखादी दीर्घिका होती, आणि तिचा उजेड आम्ही ताऱ्याच्या पदरात टाकला होता.

प्रत्येक तारा दोघांनी वेगवेगळा पाहायचा, ही आमची रीत. मी तक्ता उघडला. दोनशे सतरासमोर माझा शेरा होता, 'स्वच्छ', म्हणजे दुसऱ्या कशाचा उजेड त्यात मिसळलेला नाही. तारीख चौदा मे. पाळणाघर बंद होतं, थांगथांग तापाने माझ्या मांडीवर पेंगत होती आणि मी एका हाताने तारे पुढे सरकवत होते. शेजारच्या रकान्यात रुओहानचाही शेरा होता, 'स्वच्छ'. त्याने मला जरा धीर आला.

अकरा वाजले होते. मी कुणाला सांगितलं नसतं, तर अर्ज गेला असता. हे मी खरंच मनात तोलून पाहिलं. मग रुओहानला बोलावलं आणि काही न सांगता दोन्ही चित्रं आलटूनपालटून दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला. त्याचे कान लाल झाले.

"तू मे महिन्यात पाहिलं होतंस ना?" मी विचारलं.

"ताई, तुमचा शेरा समोर दिसत होता," तो म्हणाला. "तुम्ही पाहिलंय म्हटल्यावर मी परत काय पाहणार? बरं दिसलं नसतं ते."

म्हणजे पाहणारी एकटी मीच होते, आणि माझं लक्ष थर्मामीटरवर होतं.

आम्ही दोघं सरांकडे गेलो. चूक माझी, असं मी सांगत असताना रुओहान मध्येच "माझी, माझी" म्हणत होता. सरांनी दोघांनाही थांबवलं. चित्रं त्यांनी चार वेळा पाहिली, चष्मा काढला आणि अर्ज जाणार नाही म्हणाले. प्रबंधाचं काय, असं रुओहानने विचारलं नाही. तेही त्यांनीच काढलं: आणखी एक वर्ष लागेल, कदाचित जास्त.

मला वाटलं, आता मला जायला सांगतील. त्यांनी विचारलं, "त्या आठवड्यात तू अजून किती तारे पाहिलेस?"

"एकेचाळीस."

"ते सगळे दोघांनी पुन्हा पाहा. एकमेकांचे रकाने झाका. खोल्याही वेगळ्या घ्या."

बाहेर आल्यावर रुओहान माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ताई, या वेळी मी तुमचा मान ठेवणार नाही."

"ठेवलास तर मार खाशील," मी म्हटलं. तो हसला नाही.

मी पलीकडच्या खोलीत बसले. पहिला तारा उघडला, चित्रं वीस-पंचवीस वेळा फिरवली. ठिपका हलत होता की माझे डोळे, कळेना. तीनशे ताऱ्यांत एकदाही न लिहिलेला शेरा मी तिथे लिहिला: 'सांगता येत नाही'.