फुकटच्या सीटवर कोण?

या सगळ्यातून रंगनाथला मिळणार होती एक सीट. लक्झरी बसमधली, मागच्या चाकावरची, पण फुकट. यात्रा कंपनीच्या कुंदनने शब्द दिला होता, "काका, पैसे भरणारी पंधरा माणसं आणा, सोळावे तुम्ही. बारा दिवस राहणं, जेवण, सगळं आलं." भरणाऱ्याला साडेसहा हजार पडत होते. अंबडच्या कारखान्यात सव्वीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झालेल्या रंगनाथची पेन्शन महिन्याला बाराशे. साडेसहा हजार म्हटलं की ती तोंड फिरवून बसायची.

बस रामेश्वरला जाणार होती. रंगनाथला मात्र देवळाशी फारसं कर्तव्य नव्हतं. माजी राष्ट्रपतींचं लहानपणचं घर त्याच गावात जपून ठेवलंय, असं त्याने पेपरात वाचलं होतं. राष्ट्रपतींनी पोरवयात पेपर वाटले होते, आणि रंगनाथनेही पंचवटीत चार वर्षं वाटले होते. एवढ्या धाग्यावर त्याने परस्पर नातं जोडलं होतं. गेल्या वर्षी, २००७ साली, ते राष्ट्रपती भवनातून बाहेर पडले तेव्हा तर घरातलंच कुणी रिटायर झाल्यासारखा हा दोन दिवस पेपर न उघडता बसला होता. त्या उंबऱ्यावर एकदा उभं राहायचंच, असं त्याने मनाशी धरलं होतं.

पण घर बघायला बारा दिवस बसमध्ये कोण बसणार? रंगनाथने मखमलाबादला आत्याकडे मोर्चा वळवला. ठमाबाई आत्याची फुलशेती, आणि तिच्या एका शब्दावर सगळी आळी हलायची. तिच्या देवघरात एकोणीस वर्षं एक गडू पडून होता. काशीहून आणलेल्या गंगेचा, तोंड डाग देऊन बंद केलेला. काशीची गंगा रामेश्वरावर घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, आणि असे अर्धे राहिलेले यात्रेकरू आळीत बरेच होते. रंगनाथने नेमकं तेच हेरलं.

"तिथं गेल्यावर तासभर राष्ट्रपतींचं घर," तो हळूच म्हणाला.

"त्यात देव कोणता?"

"देव नाही, आत्या. घर आहे. जुन्या वस्तू, पुस्तकं..."

"जुन्या वस्तू तर माझ्याकडं बी लय हायेत. ये, बघ, तिकीट नाय." मग ती हसली. "बरं, तुझ्या हौशीला एक तास."

आठ दिवसांत पंधरा नावं झाली. पैसे गोळा करायला सगळे आत्याच्या ओट्यावर जमले, आणि तिथेच आत्याने विचारलं, "तुझे कुठं हायेत?"

"माझे कुंदनने सोडलेत. पंधरामागे एक असतो ना."

"म्हंजे आमच्या पैशावर."

"तसं नाही, आत्या..."

"तसंच हाय. दुसऱ्याच्या पैशानं यात्रा केली तर पुण्य पैसेवाल्याचं. तुझं रामेश्वर आमच्या पंधरात वाटलं जाणार."

शेजारची नवसाबाई खूश झाली. "म्हंजे माझं मला, आन् वर थोडं याचं? आसं आदी सांगायचं ना!"

"घ्या वाटून," रंगनाथ म्हणाला. "मी घर बघायला चाललोय."

"मंग ते घर बी आमीच बघितलं," आत्या म्हणाली. "तू नुसता डोळे घेऊन आलास."

ओटा हसला. रंगनाथही हसला, पण घरी येऊन बायकोला सांगेपर्यंत ते वाक्य त्याच्या मानेवर कुसळासारखं टोचत राहिलं.

निघायला चार दिवस असताना पंधरातल्याच एकाचा, आळीतल्या फुलवाल्या भिकाचा फोन आला. मार्गशीर्षातले गुरुवार चालू होते आणि शेवंतीचा भाव चढला होता. "शेवंती टाकून गेलो तर देवच इचारंल, भिका, फुलं कुठं? माझा गडू तेवढा न्या."

उरले चौदा. कुंदनने नियम सांगितला, चौदावर फुकट सीट नाही. बस जाणार, चौदा माणसं जाणार, फक्त ज्याच्या डोक्यातून हे निघालं तो इंदिरानगरात घरी राहणार.

रंगनाथने बॅग परत कपाटावर टाकली. "तसंही तिकडे ऊन फार असतं," तो बायकोला म्हणाला.

"डिसेंबरात?" साधना म्हणाली. तिने डाळीच्या डब्यातून एक पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. "भिशीचे आहेत. भरा."

"अगं, तू मिक्सर घेणार होतीस."

"मिक्सर चालतोय अजून. बंद तुम्ही पडलाय."

त्याने पैसे भरले आणि कुंदन ओरडला, "काका, पंधरा झाले! एक सीट फुकट!"

रंगनाथ धावतच घरी आला. "मी फुकटात बसतो, तुझे पैसे परत घेऊ!"

"तुम्ही फुकटात बसलात की भरणारे उरले चौदा. लेथवर सुताचाही फरक कळायचा ना तुम्हाला?"

"मग तूच चल."

"बारा दिवस बसमध्ये? गुडघे नाही म्हणतात."

निघायच्या सकाळी आत्याने सगळ्यांना विचारलं, फुकट सीटवर कोण बसतंय? नवसाबाईसकट एकही हलेना. आपलं पुण्य पंधरा जणांत कोण वाटणार? शेवटी मागे राहणाऱ्यांचे सात गडू त्या सीटवर ठेवले आणि टॉवेलने घट्ट बांधले. कुंदन कुरकुरला. आत्या म्हणाली, "शीट फुकट हाय ना? मंग बसल्यात की."

साधनाने खिडकीतून चिवड्याची पिशवी दिली.

"घराचा फोटो आणतो," रंगनाथ म्हणाला. त्याचं तोंड लग्नाला निघाल्यासारखं फुललं होतं.

"नीट काढा. आत्यांच्या हिशोबाने घर मीच बघणार आहे. तुम्ही नुसते डोळे घेऊन चाललाय."

आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. रंगनाथ पिशवी सावरतोय तोवर बस हलली. मान बाहेर काढून तो बघत राहिला. साधना गुडघे सांभाळत रिक्षात चढली आणि तिने मागे वळून हातही केला नाही.

तर भरणारे झाले पंधरा. चौदांनी आपापले भरले, आपापल्या सीटवर बसले. सात गडू फुकट गेले. पंधरावे साडेसहा हजार साधनाने भरले, आणि त्यात तिला रामेश्वर मिळालं, राष्ट्रपतींचं घर मिळालं, शिवाय इंदिरानगरातलं स्वतःचं घर बारा दिवस एकटीला मिळालं.