वरून टाकलेला सांबार

"सांबार घ्या वं सांबार, दवाचा सांबार! हाताले लागला वास, जाईन ना दिसभर!"

नमुन्यांच्या शीतपेटीचं झाकण हातात तसंच धरून छाया थबकली. कानात उठलेला हा आवाज आईचा होता. अमडापूरच्या बाजारात ओल्या गोणपाटावर कोथिंबिरीच्या जुड्या रचून अंबूबाई बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना असं गाऊन बोलवायची. आई जाऊन बरीच वर्षं लोटली. आज उंद्रीच्या या मुलींच्या वसतिगृहात, शेगडीपुढून उठता उठता स्वयंपाकाच्या सोजराबाईंनी एक शब्द उच्चारला, आणि जुडीवरचं पाणी झटकावं तसा तो आवाज छायाच्या अंगावर उडाला.

"सांबार?" सोजराबाई हसत होत्या. "सांबार कोनी उकळते काय, म्याडम?"

प्रश्न छायासोबत तपासणीला आलेल्या अनुपमाचा होता. सांबार किती वेळ उकळता, असं तिनं विचारलं होतं. ती पेन सावरून पुढे सरकली.

"उकळत नाही? मग कसा करता, मावशी?"

"कराचं काय त्यात? उकळला तं काळा पडते, वास जाते. आमी कच्चाच टाकतो, वरून."

"कच्चा? पण डाळ तर शिजवता ना?"

"डाळ शिजवतो ना! कुकरात, चांगली गरगट. डाळ झाली का मंग सांबार. भातावर टाका, आलूच्या भाजीवर टाका. पोरीयले लय आवडते."

अनुपमाचे डोळे चमकले. ती छायाकडे वळून हळूच म्हणाली, "ताई, म्हणजे डाळ तेवढी शिजते, बाकीचं कच्चंच मिसळतात आणि भातावर ओततात. मला बरोबर समजतंय ना?"

छायानं चष्मा काढला. पदराच्या टोकानं एक काच पुसली, मग दुसरी. पुसून झालेली पहिली काच पुन्हा पुसली.

"त्या बरोबरच सांगतायत," ती म्हणाली.

गेल्या महिन्यात या वसतिगृहातल्या मुलींची पोटं बिघडली होती. चिखली रस्त्यावरच्या अन्न-संशोधन केंद्रानं इथून पाणी, दूध, भात, भाजी, सगळ्यांचे नमुने नेले. सगळं स्वच्छ निघालं. एकाच नमुन्यात साल्मोनेला सापडला, आणि त्यातून वाढवलेल्या जिवाणूंच्या नळीवर तेव्हाच्या सहायक मुलीनं, प्रेरणानं, लिहून ठेवलं होतं : 'सांबार, उंद्री'. प्रेरणा उंद्रीचीच. पुढे लग्न होऊन ती नागपूरला गेली, आणि नळी अनुपमाच्या हाती आली. पुण्याहून आलेल्या अनुपमाला सांबार म्हणजे इडलीबरोबरचा, डाळीचा. उकळल्यावर मरणारा जिवाणू उकळलेल्या सांबारात जिवंत राहिलाच कसा, या एका प्रश्नाभोवती तिनं अख्खा अहवाल बांधला. आज दुपारी पडद्यावर पुण्याचे तज्ज्ञ जमणार होते. अहवालाच्या शेवटी शिफारस होती, की या खानावळीचं काम सोजराबाईंकडून काढून घ्यावं.

छायानं तो अहवाल वाचला होता. तिनंही सांबार डाळीचाच वाचला. अमडापूरच्या अंबूबाईच्या लेकीनं! या कानांना पुण्यानं असं वळण लावलं होतं, की आपलाच शब्द आपल्याला परका म्हणून ऐकू यावा.

शिकायला पुण्यात गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं भाजीवाल्याकडे सांबार मागितला होता. भाजीवाल्यानं मान न उचलता समोरच्या उडप्याकडे बोट केलं. खोलीतल्या मुली हसून हसून गादीवर लोळल्या. वर्षभर तिचं नाव 'इडली' पडलं. तेव्हापासून छाया कोथिंबीर म्हणायला लागली, ती इतकी, की सुट्टीत घरी आल्यावर आईपुढेही म्हणायची. आई जुड्या बांधता बांधता हात थांबवून बघायची. "कोथिंबीर काऊन म्हनतं वं? आपला सांबार मेला काय?"

अनुपमाचा फोन वाजला. "सर आहेत," असं म्हणून ती बाहेर कडुनिंबाखाली गेली. जाता जाता सांगून गेली, "ताई, सांबाराचा ताजा नमुना तेवढा घ्याल?"

फोनवरचं तिचं बोलणं आत ऐकू येत होतं. स्वच्छ, न अडखळणारं बोलणं. या बोलण्यावर छायाचा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, राग ओकून तरी टाकता येतो. हे वेगळं होतं. कापडाच्या घडीत शिरलेल्या कुसळासारखं, दिसत नाही, पण प्रत्येक हालचालीला टोचतं. अनुपमा केंद्रात आली तेव्हा तिला साधी चिखलीची बस ठाऊक नव्हती. आज केंद्राचे प्रमुख शंकरराव सर कुठलीही फाइल आली की आधी विचारतात, "अनुपमानं पाहिली का?" तिच्या पेट्री डिशमधल्या गुलाबी थरावर मधोमध काळा ठिपका असलेल्या जिवाणूंच्या वसाहती उगवल्या की सारं केंद्र बघायला गोळा होतं. जिवाणूसुद्धा तिच्या हातात देखणे उगवतात, असं छायाला वाटायचं, आणि असं वाटल्याची तिला मग दिवसभर लाज वाटायची.

छायाचं काम दिखाऊ नव्हतं. ताक ठेवलं की वर जी आंबट निवळ साचते, त्या निवळीत पालेभाजी बुडवून ठेवायची आणि पानांवरचे जिवाणू किती कमी होतात ते पाहायचं. मेथीवर पाहिलं, पालकावर पाहिलं. जिवाणू कमी होत होते, चांगलेच कमी होत होते. अनुपमाच्या अहवालात शेवटच्या पानावर तळाशी एक ओळ होती : 'प्रतिबंधाच्या काही स्थानिक पद्धतींवर केंद्रात काम सुरू आहे.' त्या ओळीत छायाचं नावही नव्हतं.

"घ्या बाई." सोजराबाईंनी ओल्या फडक्यातून जुडी काढून तिच्या पुढ्यात धरली. "आजचाच हाय. पुंजाजी देऊन गेले सकाळी, टाक्यात बुचकळून. कसा टवटवीत दिसते पाहा."

टाक्यात बुचकळून. ज्यात बैलं पाणी पितात, हातपाय धुतात, त्या शेतातल्या टाक्यात. आईही तसंच करायची. छायानं हातमोजे घालायला हवे होते. ते पिशवीतच राहिले. तिनं जुडी उघड्या हातांनी घेतली, नमुन्याच्या पिशवीत घातली, तोंड बंद केलं आणि शीतपेटीत बर्फाच्या पाकिटांखाली सारली.

"तुमी कुठच्या म्हना?" सोजराबाई तिच्याकडे निरखून पाहत होत्या.

"चिखलीला असते मी."

"ते झालं आता. मूळच्या?"

छायानं पेटीची कडी लावली. कडी आधीच लागली होती.

सोजराबाईंनी पुन्हा विचारलं नाही. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "त्या म्याडम लय शुद्ध बोलतात. मले आर्धं समजते, आर्धं नाही. खोटं नाही सांगत बाई, पोरी आजारी पडल्या तवापासून माह्या घशाखाली घास उतरत नाही. माह्या हातचं खाऊन आजवर कोनी दवाखान्यात गेलं नवतं. हे शेगडी बंद होईन काय हो?"

"तपासणी चालू आहे," छाया म्हणाली. शब्द शुद्ध होते. सोजराबाईंना त्यातलं अर्धंच समजलं असावं.

परतताना स्कूटी अनुपमा चालवत होती. मागे छाया, मांडीवर शीतपेटी. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. वाऱ्यावर अनुपमाचे शब्द तुटून तुटून मागे येत होते.

"ताई, सर म्हणाले, हे छापून येईल!... कच्चं मिसळतात, हा मुद्दा मी आत्ताच घालणार... तुमच्यामुळे बरं झालं हं, मला या बायांचं बोलणं झेपत नाही!"

छायानं पेटी जवळ ओढली. पेटीचा गारवा मांडीला लागत होता. एक जुडी, वीतभर उंचीची, आणि सगळा अहवाल त्या जुडीखाली दबलेला. बोलायचीही गरज नव्हती. आज अहवाल वाचला जाईल, टाळ्या पडतील. उद्या नमुना तपासायला कुणीतरी पिशवी उघडेल. मग केंद्रभर हसू पसरेल. पुण्याच्या बाईला कोथिंबीर ओळखू आली नाही! वर्षभर तिचं नाव काहीतरी पडेल. तिला पहिल्यांदा कळेल, आपल्या तोंडच्या एका शब्दापायी सगळी खोली हसते तेव्हा कसं होतं. छायानं त्या हसण्याची चव जिभेवर घेऊन पाहिली. गोड होती. तिनं ती लगेच गिळली नाही, घोळवत ठेवली.

मग तिला सोजराबाईंची शेगडी दिसली. काम काढून घेतल्याचा कागद निघाला की निघाला. उद्या हसून झाल्यावर तो मागे कोण घेणार? आणि जुड्या तर येतच राहतील, टाक्यात बुचकळून, टवटवीत. नवी बाईही त्या वरूनच टाकेल.

केंद्रावर आल्यावर छायानं साबणानं हात धुतले. पुन्हा एकदा धुतले.

बैठकीच्या खोलीत शंकरराव सर पडद्याच्या तारा जुळवत होते. ते मूळचे कोल्हापूरचे, निवृत्तीला टेकलेले, विनोदाची हौस असलेले.

"काय म्हणाली तुमची बल्लवाचारीण?"

"सर, उकळतच नाहीत!" अनुपमा खुर्ची ओढत म्हणाली. "स्वतःच्या तोंडानं सांगितलं त्यांनी."

"घ्या! या भागातल्या बायांनी झुणका करावा, ठेचा करावा. सांबाराच्या नादी लागायला सांगितलंय कुणी?"

सर मोठ्यानं हसले. लेखनिक हसला, चहा देणारी सुवर्णा हसू का नको अशा चेहऱ्यानं ट्रे घेऊन निघून गेली. छायाच्या लक्षात आलं, की आपलेही ओठ हसण्यासाठी उघडले आहेत. तिनं ते मिटले. हे हसणं तिच्या ओळखीचं होतं. फक्त आज ती गादीवर लोळणाऱ्यांच्या बाजूला बसली होती.

अनुपमा मात्र हसली नव्हती. ती समोरची पानं उगाच सरळ करत होती.

"ताई," ती छायाजवळ वाकून म्हणाली, "खरं सांगू? मला त्या बाईंचं वाईट वाटतंय. काही लपवलं नाही हो त्यांनी. विचारलं तसं सांगून टाकलं. नुसतं शिकवलं असतं उकळायला, तर... पण शिफारस आता सरांनी वर कळवली आहे."

छायानं तिच्याकडे पाहिलं. इतक्या जवळून ती पहिल्यांदाच पाहत होती. अनुपमाच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

पडद्यावर एकेक चौकट उघडू लागली. पुण्याचा एक चेहरा आला, मग दुसरा. कुणीतरी विचारलं, "आवाज येतोय का आमचा?"

"येतोय, येतोय," सर म्हणाले. "एकच मिनिट, सुरू करतो."

अनुपमानं पहिलं पान उचललं आणि मध्येच थांबली. तिनं मान इकडेतिकडे वळवली.

"कोथिंबिरीचा वास कुठून येतोय इतका?"

छायानं आपले हात टेबलावर उलटे करून पाहिले. दोन वेळा धुतलेली बोटं. नखांच्या कडेला बारीक हिरवी रेघ.

"माझ्या हाताला आहे."

"आत्ता भाजी निवडलीत की काय, छायाबाई?" सर म्हणाले.

ती उठली. कोपऱ्यातली शीतपेटी उचलून तिनं टेबलावर, अनुपमाच्या कागदांवरच ठेवली. कडी काढली, बर्फाची पाकिटं बाजूला सारली आणि पिशवीत बांधलेली जुडी बाहेर काढून अनुपमाच्या पुढ्यात धरली. पिशवीला आतून दव धरलं होतं.

"हा घ्या. सोजराबाईंनी दिलेला नमुना."

"ही तर..." अनुपमानं तिच्याकडे पाहिलं, मग जुडीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "मी तर सांबार..."

पडद्यावरचे चेहरे वाट पाहत होते. छायानं चष्मा पुसला नाही, पदर सावरला नाही. बोलली तेव्हा तिचा आवाज तिलाच बाजारातून आल्यासारखा वाटला.

"माझी माय अमडापूरले हेच विकत होती, अनुपमा. आमच्याकडे याले सांबार म्हनतात."