पिवळी पट्टी, लाल पट्टी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा बरं. कल्पना करा, तुमच्या पाठीवर एक काळी बॅग आहे. शाळेच्या दप्तरासारखी नव्हे. गुडघे दुमडून तुम्ही स्वतः तिच्यात बसू शकाल एवढी मोठी. आत कोणाचे बूट आहेत, कोणाचा कुकर, कोणाचं औषध, कोणाच्या लेकीचा वाढदिवसाचा फ्रॉक. त्यातलं काहीच तुमचं नाही, आणि संध्याकाळच्या आत सगळं ज्याचं त्याला पोचवायचं आहे. झाली कल्पना करून? आता डोळे उघडा. ती बॅग म्हणजे मी.

मी एक जुनी बॅग आहे. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या अमरची. माझा एक पट्टा तारेने बांधलेला आहे आणि चेन अर्ध्यावर अडकते. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या त्याच्या घरात दारामागच्या खिळ्यावर मी लटकलेली असते. लटकणाऱ्या वस्तूला दुसरा उद्योग नसतो, म्हणून ती सगळं ऐकते आणि पाहते. शिवाय माझा स्वभाव जरा संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते.

हा स्वभाव जन्मापासूनचा. कारखान्यात शोभाबाई नावाच्या एका बाईंनी मला शिवलं. तळाशी दुहेरी टाका घातला, कारण ओझं तळालाच पेलावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या घरी निघाल्या की गेटवरचा माणूस त्यांची डब्याची पिशवी उलटी करून झटकायचा. दिवसभर ज्या हातांवर भरवसा ठेवला, त्याच हातांवर जाताना संशय! ढिगावर पडल्या पडल्या मी ते पाहिलं. तेव्हापासून तपासणारे हात मला लांबूनच ओळखू येतात. एवढं ध्यानात ठेवा.

पुढे मी वर्ध्याला आले. देवळी रस्त्यावर पत्र्याचं मोठं शेड होतं, त्याला सगळे सेंटर म्हणत. तिथे अमरने मला स्वतःच्या खर्चाने घेतलं. गाडीही त्याची, पेट्रोलही त्याचं. सेंटरचा सुपरवायझर कार्तिक सर. मोठा गोड माणूस. त्यांनी अमरच्या खांद्यावर हात ठेवला.

"अमरभाऊ, इथं कोनी नोकर नाई अन् कोनी साहेब नाई. आपुन सारे पार्टनर. तुमी तुमचे मालक!"

मग त्यांनी अमरच्या फोनवर इंग्रजीतला एक लांबलचक कागद उघडला आणि खालच्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवायला सांगितलं. अमरने ठेवलं. वाचायला त्याला कोणी वेळ दिला नाही, त्यानेही मागितला नाही. मला मात्र त्या चौकोनाचा संशय आला. ज्याच्या भल्याचं असतं, त्याला ते समजावून सांगायला कोणाची हरकत असते?

घरी आल्यावर अमरने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "रक्षा, तुहा बाप आता मालक झाला!"

रक्षा त्याची मुलगी, पाचवीत शिकणारी. ती म्हणाली, "मंग बाबा, परवा सुट्टी घ्या ना. शाळेत आनंदमेळा हाय. मी अन् अंजू मिळून भेळेचं दुकान लावून राह्यलो."

"सुट्टी? कार्तिक सराले विचारावं लागन."

"मालकाले कोन सुट्टी देते?"

"पाह्य वं रूपाली," अमर बायकोकडे पाहून हसला, "तुही पोरगी वकील होते का नाई!"

सगळे हसले. मी नाही हसले. सुट्टी मिळाली नाहीच.

आता मुलांनो, सेंटरची एक रीत सांगते, कारण माझी सारी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. रोज सकाळी गेटवर माझ्या मुठीला प्लॅस्टिकची एक पट्टी बांधत. तिच्यावर छापलेलं असे: अमरचा नंबर, तारीख, येण्याची वेळ आठ, आणि तो आला किती वाजता. वेळेत आला तर पिवळी पट्टी. उशीर झाला तर लाल, आणि लाल पट्टीवर आणखी एक ओळ: 'उशीर. रूट बदलला.' म्हणजे त्या दिवशी शहरातलं जवळचं काम काढून घ्यायचे आणि देवळीच्या पुढची आडवळणाची गावं द्यायचे. पट्टीशिवाय शिपाई गेटबाहेर सोडत नसे. परत आल्यावर ती कापायची आणि गेटवरच्या ड्रममध्ये टाकायची, असा नियम होता.

रक्षा आणि अंजूने मेळ्यात भेळेचं दुकान लावलं तेव्हा अंजू उशिरा आली. रक्षा रुसली, पण तिने अंजूला शिक्षा नाही केली. भागीदारीत रुसता येतं, मित्रांनो; शिक्षा करता येत नाही. शिक्षा करणारा वेगळाच कोणीतरी असतो. मी हे रोज मनात घोळवत असे, पण बॅगेला कोण विचारतं?

अमरने तो ड्रमचा नियम मोडला, आणि तोही लेकीच्या हट्टापायी. त्याचं झालं असं. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडाचे नंदी सजवतात, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि बोजारा म्हणून खाऊ मिळवतात. रक्षाचा नंदी सागवानी, चार चाकांचा. तिच्या आजोबांनी, सोनबांनी, तो जंगलातल्या कामावरून आल्यावर फुरसतीने कोरलेला. बाकीच्या मुलांचे नंदी बाजारच्या झुलांनी झगमगत होते. रक्षाला काहीतरी वेगळं हवं होतं. एकदा घाईत अमरने कापलेली पट्टी माझ्या खिशात कोंबून घरी आणली, आणि तिने ती पाहिली.

"बाबा, मले रोज एक आनजा. पिवळीबी अन् लालबी."

"अवं, कचरा हाय तो."

"तुमचा असन. माह्या नंदीचा हार हाय."

पोळा येईपर्यंत नंदीच्या गळ्यात तीन पदरांचा हार झाला. दहा-पंधरा पिवळ्या, मग एक लाल. वॉर्डात त्याला दुसरा नंबर मिळाला. पोळा सरला, तरी हार तसाच राहिला आणि नंदी कपाटावर जाऊन बसला.

सोयाबीन निघण्याच्या दिवसांत एका सकाळी अमरची गाडी पंक्चर झाली. तो सेंटरवर दहा मिनिटं उशिरा पोचला. माझ्या मुठीला लाल पट्टी लागली आणि आम्ही देवळीच्या पुढे निघालो. एका वळणावर कोणीतरी अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. गोल, गुळगुळीत दाणे. चाक सरकलं. अमर खाली आणि गाडी त्याच्या पायावर. मी त्याच्या पाठीखाली सापडले, म्हणून त्याचं डोकं वाचलं. माझा पट्टा तुटला तो तेव्हाच. शोभाबाईंचा दुहेरी टाका मात्र सुटला नाही.

पाय दोन ठिकाणी मोडला. रूपालीने दवाखान्यातून कार्तिक सरांना फोन लावला. आवाज तसाच गोड होता.

"वहिनी, लय वाईट झालं. पन अमरभाऊ काही आमचे कामगार नाईत ना. पार्टनर हायेत. त्यायची गाडी, त्यायची मर्जी. पाह्यजे तवा येत, पाह्यजे तिकडं जात. यात कंपनी काय करन?"

नीट ऐका, मित्रांनो. कामावर कामगार जखमी झाला, तर मालकाची काही जबाबदारी असते. पण पार्टनर पडला, तर तो आपल्या पायाने पडला! एका शब्दाने सगळं ओझं अमरच्या मोडक्या पायावर आलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या फोनमधलं कामाचं पान बंद झालं. जणू अमर कधी तिथे नव्हताच.

आणि तिसऱ्या दिवशी निकेश आला. अमरच्याच सेंटरवर पार्सल वाटणारा, कधीकधी आमच्याकडे चहा पिऊन जाणारा. आज चहाला नको म्हणाला. तेव्हाच मी कान टवकारले.

"वहिनी, सरानं बॅगची पट्टी मांगितली. हिशोबात लागते म्हने."

"भाऊजी, तुमचा दोस्त खाटेवर हाय," रूपाली म्हणाली, "अन् तुमी पट्टी न्याले आले?"

निकेशने खिशातून कटर काढलं. त्याने माझ्या मुठीची लाल पट्टी कापून घेतली. मग माझा पुढचा खिसा चाचपला, मग आतला, मग तळ. ते हात मी ओळखले, पण त्यांनी सगळे खिसे परत नीट बंदही केले. गेटवरच्या माणसाने पिशवी कधी सरळ करून दिली नव्हती.

"अजून हायेत का कुठं? जुन्या?"

निकेश वळला, आणि त्याची नजर कपाटावरच्या नंदीवर गेली. तिथेच थांबली. माझी चेन गोठली. तीन पदरांचा हार, पिवळा आणि लाल, त्याच्या नाकासमोर!

"बैल चांगला सजवला वं रक्षा," तो हळूच म्हणाला. "सांभाळून ठेवजो."

आणि गेला. मला आजही कळत नाही, तो आपल्या मनचं बोलला की सरांना सांगायला खूणगाठ बांधून गेला.

रक्षा मात्र तिथेच उभी होती. "आई, ते तर कचऱ्याच्या ड्रममधी टाकाची पट्टी. मंग ते न्याले कंपनीनं मानूस काऊन धाडला?"

खाटेवरून अमर म्हणाला, "जाऊ दे बापा. मीच तर त्या चौकोनावर बोट ठेवलं होतं."

"बोट ठेवलं, पन वाचलं होतं का?" रक्षाने विचारलं. तिने स्टूल ओढलं, नंदी खाली काढला आणि हार वाचायला बसली. एक एक पट्टी, जणू धडाच. मग तिने नंदी उचलून माझ्या पोटात ठेवला.

"इथं काऊन ठेवून राह्यली?" आईने विचारलं.

"ज्या बॅगमधी एकदा शोधलं, तिच्यात पुन्हा कोन पाह्यते?"

मी आयुष्यात पुष्कळ मौल्यवान पार्सलं वाहिली. असं एकही नाही. पुढचे काही आठवडे दारात गाडी थांबली की माझ्या शिवणी ताठ होत. दोनदा कोणी अनोळखी माणूस घर विचारत आला. एक मीटर पाहायला, एक खरंच रस्ता चुकलेला. पण मी दोघांवरही भरवसा ठेवला नाही.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. जुनी वस्तू टाकताना तिच्या तळाशी एकदा हात घालून पाहा. तिने तुमच्यासाठी काय जपलंय, ते तिला सांगता येत नाही. ज्याने तुमच्या घरी पार्सल आणलं, त्याला पाणी विचारा आणि त्याचं नावही विचारा. कोणी तुम्हाला गोड नाव दिलं, तर त्या नावाने आपल्याला काय मिळतं आणि आपलं काय जातं, ते पाहा. आणि कोणी "हे फेकून दे" म्हणालं, तर फेकण्याआधी वाचा.

शेवटी रूपालीने केलेल्या अर्जावर कामगार कार्यालयातून बोलावणं आलं. अमर कुबडीवर, रूपाली सोबत, आणि मी रक्षाच्या पाठीवर, तिच्या पोटऱ्यांपर्यंत लोंबत. समोर टेबलाशी अधिकारी मॅडम. पलीकडे कार्तिक सर, आणि त्यांच्या मागे साक्षीला आणलेला निकेश, नजर फरशीवर.

"मॅडम, हे मोकळे पार्टनर," कार्तिक सर म्हणाले. "यायले वेळेचं बंधन नाई का रस्त्याचं नाई. विचारा निकेशले."

निकेश पुढे येण्याऐवजी एक पाऊल मागे सरकला.

मॅडमनी अमरकडे पाहिलं. "तुमच्याजवळ काही आहे दाखवायला?"

"फोनमधलं सारं बंद झालं, मॅडम," अमर म्हणाला.

तेव्हा रक्षाने मला खाली ठेवलं. माझी चेन नेहमीसारखी अर्ध्यावर अडकली. तिने ती दातांनी ओढली. तिने नंदी बाहेर काढला, टेबलावर चाकांवर उभा केला, आणि त्याचं तोंड कार्तिक सरांकडे वळवलं. मागे निकेशने पहिल्यांदाच मान वर केली.

रक्षाने हाराची गाठ सोडली. पिवळ्या पट्ट्यांतून एक लाल पट्टी काढली, ती मॅडमसमोर सपाट केली, आणि शाळेत उभी राहून वाचते तशी मोठ्याने वाचली, "येण्याची वेळ आठ. आले आठ वाजून नऊ मिनिटं. उशीर. रूट बदलला."

मग तिने बोटाला थुंकी लावली, आणि दुसरी पट्टी उचलली.