चर्चा पुरे

बाबांनी तीस वर्षं विधानसभेत सचिव म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर सभागृह घरीच आणलं. जेवणाच्या टेबलाशी ते अध्यक्ष. आई, आत्या आणि मी सदस्य. आमच्याकडे पडद्यांचा रंगसुद्धा ठराव मांडून ठरतो. लोक हसतात, हसू देत. पण मालवाहू जहाजावर इंजिनिअर म्हणून मी नऊ महिने जावं की नाही, हेही असंच ठरणार होतं, आणि मला काही हसू येत नव्हतं.

अकरा दिवस रोज नाश्त्याला चर्चा. मी बोलले की आत्या बोलायची. तिला समुद्राचं वावडं. वादळापासून ओल्या मोज्यांपर्यंत तिने काही म्हणता काही सोडलं नाही. मग बाबा घड्याळ बघून म्हणायचे, "सदस्यांचं म्हणणं अपुरं राहिलं आहे. चर्चा उद्या पुढे चालू."

बाराव्या दिवशी कंपनीला दहाच्या आत उत्तर हवं होतं. माझा पारा चढला. "चर्चा पुरे! मत घ्या!"

"चर्चेत बोललेल्या सदस्याला ही सूचना मांडता येत नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "न बोललेल्यालाच येते."

त्यांचा डाव मला केव्हाच कळला होता. चर्चा चालू आहे तोवर मी घरात. रागही यायचा आणि त्यांची कीवही.

आईने किटली खाली ठेवली. "अध्यक्षमहाराज, चर्चा पुरे. मत घ्या."

बाबांचा चमचा हवेतच राहिला. इतके दिवस आई एक अक्षर बोलली नव्हती. आम्हाला वाटलं होतं, रुसलीय.

"तू मुद्दाम गप्प बसलीस?" बाबांनी विचारलं.

"मग काय! जीभ चावून बसले होते."

चर्चा थांबवायला आई आणि मी, विरोधात आत्या. चर्चा बंद झाली.

मग मूळ ठराव. माझा हात बाजूने, आत्याचा विरोधात. आईचा मांडीवरच.

"आई, अगं!"

"चर्चा संपवली ना मी," ती म्हणाली. डोळे भरले होते. "तुला पाठवायला हात उठत नाही गं माझा."

एकास एक. आता निर्णायक मत अध्यक्षांचं, आणि ते काय असणार हे मला लहानपणापासून पाठ होतं. समसमान मतं पडली, की अध्यक्षाने आहे ते तसंच राहू द्यायचं. या नियमापायी बाबा एकदा मंत्र्यांशीही भांडले होते. पावणेदहा वाजले होते. मी बशी उचलून उठले.

"बसा. सभा संपलेली नाही."

बाबांनी हात वर केला. "ठरावाच्या बाजूने."

"दादा, नियम!" आत्या ओरडली.

"मला शिकवतेस?"

त्यांनी इतिवृत्ताची वही ओढली आणि लिहिलं, ठराव मंजूर. पुढे 'कारण' असा रकाना होता. तिथे पेन बराच वेळ अडलं. मग त्यांनी खाली मान घालून लिहिलं, "तिला जायचं आहे."