सुनेसाठी एक वाक्य

"मावशी, तिला वाटतंय तुम्ही रागावलात तिच्यावर," सुनेचा भाऊ म्हणाला.

शिंपीणबाईंनी कपाळाला हात लावला. हातांनी खुणा करून त्या एवढंच सांगत होत्या, की हे घर तुझं आहे. पण त्यांच्या कपाळावरच्या आठ्या पाहून सून खाली मान घालून आत निघून गेली होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. मुलगा होता तोवर दोघींचं बोलणं तोच इकडून तिकडे पोचवायचा. तो अपघातात गेला आणि घरात एकमेकींपुरत्या मुक्या अशा दोन बायका उरल्या. उद्या सकाळी भाऊ तिला माहेरी नेणार होता.

"मी सांगू का तिला?"

"नको रे. इतकी वर्षं दुसऱ्याच्याच तोंडून बोलले. आता माझं मला बोलू दे."

मुलगा गेल्यापासून बाई मोबाइलवरचे व्हिडिओ बघून खुणा घोकत होत्या. जन्म सुईत दोरा ओवण्यात गेलेला, त्यामुळे बोटं चलाख होती. तरी थोडं शिकलं की जीव नकोसा व्हायचा आणि त्या मोबाइल पालथा घालायच्या. आपलं डोकंच चालत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

दुपारी त्या मशीनवर बसल्या, तर शिलाई वाकडी. शिकायला येणाऱ्या मुलींना त्या नेहमी दटावायच्या, "आधी खांदे सोड, मग कापड धर." आज त्यांचेच खांदे कानांना भिडले होते. दात आवळलेले, श्वास छातीत अडकलेला. खुणा करतानाही आपलं अंग असंच ताठ होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. डोकं बिचारं ठीक होतं. पोर गेल्याची बातमी ऐकताना धरलेला श्वास त्यांनी अजून सोडलाच नव्हता.

बाई पोटभर रडल्या. मग पाय जमिनीला नीट टेकवून पुन्हा खुणा शिकायला बसल्या. या खेपेला उठावंसं वाटेना.

सकाळी सून बॅग घेऊन निघाली तेव्हा बाईंनी आधी श्वास सोडला आणि मग सावकाश हात हलवले. हे घर तुझं आहे. राहाच असं म्हणत नाही. कधीही ये.

सून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने डाव्या भुवईवरून एक बोट हलकेच फिरवलं. ही खूण बाईंनी कुठे पाहिली नव्हती.

"हे भाऊजींचं नाव," भाऊ म्हणाला. "भुवईवर व्रण होता ना, म्हणून. ती त्यांना हीच हाक मारायची."

लहानपणी मुलगा बाईंच्याच मशीनवर आपटला होता, तेव्हाचा तो व्रण. आपण ठेवलेल्या नावाखेरीज पोराला आणखी एक नाव होतं, आणि आईला ते आज कळत होतं. बाईंनी ती खूण करायला हात उचलला, तो नेमका उजव्या भुवईवर गेला.

सुनेने बॅग खाली ठेवली, त्यांचा हात धरला आणि बोट डाव्या भुवईवर नेऊन टेकवलं.