पालीने हरलेला डाव

मित्रांनो, भंगाराच्या गाडीत चढलेला आणि तासाभरात परत उतरलेला व्हिडिओ गेम तुम्ही पाहिला नसेल. तो मी.

थायलंडमधल्या फ्रे गावच्या बसस्टँडवर लमाईमावशींचं नूडल्सचं दुकान आहे, त्याच्या कोपऱ्यात माझा मुक्काम. माझा जन्म बँकॉकमधला. पोटात ढीगभर प्रश्न कोंबले, अंगावर हसरा हत्ती रंगवला आणि इथे पाठवलं. माझा डाव दहा प्रश्नांचा, नूडल्सचा वाडगा समोर येईपर्यंत संपणारा. पूर्वी पोरं माझ्यापुढे इतकी भांडायची की वाडगे गार व्हायचे. मग मोबाईल आले आणि माझ्या डोक्यावर मिरचीच्या बरण्या चढल्या. एकदा मासळीचा सॉस आत सांडला, तेव्हापासून शाबासकी देतानासुद्धा मी घसा खाकरतो.

फक्त चौथीतली वान रोज यायची. तिची आई स्टँडवर तिकिटं विकते. आईची सुट्टी होईपर्यंत ती माझ्याशी खेळायची.

एका संध्याकाळी भंगारवाले बुनमीकाका तीनचाकी घेऊन दारात हजर.

"लमाईताई, हे धूड उचलू ना?"

"उचल बाबा. तिथे फ्रीज ठेवायचाय."

वान धावत येऊन आडवी उभी राहिली. "मावशी, नाही न्यायचं याला!"

"का गं? मामा लागतो का तुझा?"

"मी एक डाव खेळते. दहाच्या दहा बरोबर आले तर ठेवायचा!"

"आणि एक जरी चुकलं तर मुकाट्याने बाजूला व्हायचं. काय?"

"कबूल!"

मित्रांनो, एवढा घाम मला कधी फुटला नव्हता. सातव्या प्रश्नाला माझा पडदा थरथरला. आठव्याला वान चुकता चुकता वाचली. नऊ झाले. दहावा आला: जिभेने स्वतःचे डोळे पुसणारा प्राणी कोणता? हत्ती, म्हैस, पाल की कोंबडी? वान गालात हसली. तिने बोट उचललं.

तेवढ्यात सहा वाजले आणि स्टँडच्या भोंग्यावर राष्ट्रगीत सुरू झालं.

आमच्याकडे ते लागलं की जो जिथे असेल तिथे ताठ. मावशींच्या हातातल्या पळीतून रस्सा ठिबकत राहिला. बुनमीकाका वाकले होते, ते झटकन सरळ झाले. वानने बोट खाली घेतलं. चालू होतं ते फक्त उत्तराची वेळ मोजणारं माझं घड्याळ. मला थांबता येत नाही हो! पंधरा, चौदा, तेरा...

माझ्या उजेडावर एक पाखरू आलं आणि 'म्हैस'वर बसलं. छतावरून पाल निघाली. वानचे डोळे मोठे झाले, पण मान हलेना. पालीने झेप घेतली, पाखरू गिळलं, आणि तिचा पाय काचेवरच्या 'म्हैस'वर पडला.

"चूक!" मी ऐन राष्ट्रगीतात खाकरलो. शरमेने मेलो. बया स्वतःवरच्याच प्रश्नाला नापास झाली! माझ्या आवाजाने दचकून ती मागच्या जाळीतून माझ्या पोटात शिरली.

राष्ट्रगीत संपलं तशी वान ओरडली, "मी नाही दाबलं! पालीने दाबलं!"

"मग पाल हरली," बुनमीकाका म्हणाले. "हो बाजूला."

"मावशी, सांगा ना यांना!"

"शब्द दिलास ना, वान?" मावशींनी तिच्याकडे न बघताच माझी वायर काढली.

मला गाडीत टाकून दोरीने आवळलं. वान बाहीत तोंड खुपसून रडत होती. इंजिन फुरफुरलं, आणि माझ्या पोटातून आवाज आला: चक् चक् चक्!

बुनमीकाकांनी इंजिन बंद केलं. निघताना पाल बोलली तर पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं.

"कुठून बोलली?"

"तुझ्याच गाडीतून," मावशी म्हणाल्या.

काकांनी हात जोडले, पुन्हा इंजिन सुरू केलं. पुन्हा चक् चक् चक्!

"ताई, हे धूड तुम्हालाच लखलाभ! मला घरी बायकापोरं आहेत!"

"अरे, पण माझा फ्रीज?"

"दारात ठेवा, नाहीतर डोक्यावर घ्या!"

दोरी सोडायच्या घाईत त्यांनी स्वतःचाच पाय बांधून घेतला. तो वानने हसत हसत सोडवला.

आता फ्रीज दारात आहे आणि मी कोपऱ्यात. वान रोज माझी काच पुसते. मित्रांनो, जुना खेळ टाकायच्या आधी त्याच्याशी एक डाव खेळून बघा. त्याची धूळ झाडा, वायर नीट गुंडाळा. मागच्या जाळीला मात्र हळूच हात लावा. आत कोणीतरी झोपलेलं असतं.