मंत्र्यांच्या बंगल्यावरची साक्ष

दामिनीला वकिली मी शिकवली. मुरबाडच्या कोर्टात कोणालाही विचारा. अर्ज कसा लिहायचा, साक्षीदाराला कुठे थांबवायचं, न्यायाधीश चिडले की गप्प कसं बसायचं, सगळं माझ्या हाताखाली. चार वर्षांत बाईंनी स्वतःचं टेबल थाटलं. आता माझेच जुने अशील मला नमस्कार करतात आणि पुढे तिच्याकडे जातात. पोटात दुखतं. दुखतं ते दुखतं, खोटं कशाला बोलू?

त्यात ठकूचा दावा आला. म्हसा गावाच्या कडेच्या वाडीतली ही विधवा. महादू पाटलांच्या घरी तीस वर्षं राबली. म्हाताऱ्याने जाण ठेवली आणि तिचं घर उभं आहे ती दोन गुंठे जागा बक्षीसपत्राने तिच्या नावावर केली. म्हातारा गेल्यावर पुतण्या रितेश म्हणायला लागला, ही सही काकांची नाहीच, घर खाली कर. असं झालं की बक्षीसपत्रावरचा एक तरी साक्षीदार उभा करावा लागतो. दोन होते. एक वारला. दुसरा तेव्हा गावचा सरपंच होता, आता राज्याचा मंत्री आहे.

मी मंत्र्यांना समन्स काढायचा अर्ज ठोकला आणि आठवडाभर छाती काढून फिरलो. मंत्र्याला मुरबाडच्या पिंजऱ्यात उभा करणारा वकील! दामिनीच्या टेबलावरून मुद्दाम दोन चकरा जास्त मारल्या.

न्यायाधीशांनी अर्ज वाचून चष्मा काढला. "वकीलसाहेब, दिवाणी दाव्यात मंत्र्यांना कोर्टात यायची सक्ती करता येत नाही. कायद्यानेच सूट आहे. पण साक्ष द्यावी लागेल. कोर्ट कमिशनर घरी जाऊन जबाब नोंदवतील."

आणि कमिशनर म्हणून नेमलं कोणाला? दामिनीला. अर्ज माझा, अशील माझं आणि मान तिला! त्या दिवशी मी डबा न खाताच परत नेला.

मंत्र्यांचा बंगला शहापूरला, हायवेजवळ. ठरल्या दिवशी आम्ही सगळे पोचलो. रितेशचा वकील रोशन नगरपंचायतीच्या तिकिटासाठी टपलेला, त्याने आधी साहेबांबरोबर फोटो काढून घेतला. ठकू दाराशी पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. मंत्र्यांनी दामिनीला शेजारची खुर्ची दिली. "ताई, पंख्याखाली बसा. एवढ्या लहान वयात कोर्टाने विश्वास टाकला, कौतुक आहे तुमचं!" मला कोणी बस म्हटलं नाही. मीच एक प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली.

शपथ झाली. मी कागद पुढे धरला. "महादू पाटलांनी यावर सही केली तेव्हा तुम्ही हजर होतात?"

"हो. त्यांनी माझ्यासमोर केली, मग मी साक्षीदार म्हणून केली."

दामिनीने लिहून घेतलं. संपलं. दाव्याला एवढंच हवं होतं. ठकूचं घर वाचलं होतं, मी नुसतं गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात मंत्री दामिनीच्या कागदाकडे वाकून म्हणाले, "अक्षर काय सुंदर आहे हो ताईंचं!"

तासभर झाला, या माणसाने माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं. मी ताडकन उठलो. "साहेब, इतक्या वर्षांपूर्वीची गोष्ट तुम्हाला एवढी स्वच्छ कशी आठवते?" वाटलं, साहेब आता म्हाताऱ्याची सगळी हकिगत रंगवून सांगतील आणि उद्या कोर्टात लोक म्हणतील, काय प्रश्न काढला!

दामिनीचं पेन थांबलं. "सर, हा प्रश्न नक्की घ्यायचाय?" तिने हळूच विचारलं. ती मला सावरत होती. कळलं मला, आणि म्हणूनच जास्त झोंबलं.

"कमिशनरने लिहायचं असतं," मी म्हणालो, "शिकवायचं नसतं."

मंत्री मोकळेपणी हसले. "आठवतं कसलं! सरपंच असताना दिवसाला पन्नास कागदांवर सह्या करायचो. कोणी कधी केली, कसं सांगणार? आज सकाळी पीएने कागद दाखवला, म्हणाला, असं असं सांगा."

दामिनीने माझ्याकडे पाहिलं. मग शब्दन् शब्द उतरवला. तिला उतरवावाच लागला. आमचा एकमेव जिवंत साक्षीदार शपथेवर सांगून बसला होता की त्याला काही आठवत नाही.

पायऱ्या उतरताना रोशन कानाशी आला. "सर, मी एकही प्रश्न विचारणार नव्हतो. साहेबांना दुखवून मला तिकीट कोण देणार?"

ठकू फाटकापाशी थांबली होती. "वकीलदादा, मंत्र्यानं आधी हो म्हणलं ना? मंग आता काय झालं?"

"आता अवघड आहे, ठकूबाई. घर राहील असं मला वाटत नाही."

ती खाली बसली. मग तिने मान वर करून, कागद सांभाळत गाडीकडे चाललेल्या दामिनीकडे पाहिलं.

"त्या बाईनंच घात केला माझा. शेवटचं तेवढं लिवलं नसतं तर काय बिघडलं असतं? तुमी तर माझ्यासाठी किती भांडलात, दादा."

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण दामिनीला कोणीतरी नावं ठेवत होतं, आणि मला बरं वाटत होतं.

"काय करणार, ठकूबाई," मी म्हणालो. "नवीन आहे ती."